दोनशे नऊ पांढरी बटणं

खुळ्ळ!

भर दुपारी घर चिडीचूप होतं. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता भिंतीला टेकून पेंगत होती. तेवढ्यात पिटुकलीनं स्टुलावर चढून मला कपाटावरून खाली ओढलं आणि कानाशी धरून हलवलं.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावरचं जहाज केव्हाच पुसलं गेलं, आता नुसत्या लाटा उरल्या आहेत. माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. पण बिस्किटं आठ दिवसांत संपली, आणि एका इस्त्रीवाल्या मावशीनं मला पिशवीत घालून शर्टांच्या कारखान्यात नेलं. खरं आयुष्य मी तिथं पाहिलं.

त्या कारखान्यात दोनशे बारा बायका होत्या. त्यांची युनियन होती, आणि मावशी तिची सेक्रेटरी. एखादी गोष्ट ठरवायची तर हात वर करायची सोय नव्हती. सुपरवायझरची नजर घारीसारखी. म्हणून मावशीनं माझ्या झाकणाला कात्रीनं चीर पाडली. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवसापासून माझ्यात मतं पडू लागली. प्रत्येकीच्या मुठीत एक पांढरं बटण, एक काळं. 'हो' असेल तर पांढरं माझ्यात पडायचं, 'नाही' असेल तर काळं. दुसरं मुठीतच राहायचं. कुणी काय टाकलं ते शेजारणीलाही कळत नसे. एवढीशी ती बटणं, पण त्यांनी पिण्याच्या पाण्याचा नळ आणला, पंखे आणले. मी आ वासून बघत राहायचो.

मतं नसली की ती काळी-पांढरी बटणं पोटात घेऊन मी काजवालीच्या मशीनखाली असायचो. काज-बटणाचं काम तिचं. पिटुकलीची आई ती हीच. तेव्हा पिटुकली पोटात होती, सातवा महिना चालू होता.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. मालकानं कामाच्या वेळात मागच्या दाराला कुलूप लावायला सुरुवात केली. कापडाचे ढीग, गरम इस्त्र्या, आणि बाहेर पडायला एकच दार! बायकांनी संप करायचं मनावर घेतलं. आणि नेमका तेव्हाच सरकारचा नवा कायदा आला. डब्यातली मतं चालणार नाहीत. संप हवा असेल तिनं मॅनेजरसमोर नाव लिहून सही करायची. निम्म्याहून जास्त सह्या झाल्या नाहीत, तर संप तर नाहीच, युनियनची नोंदणीही रद्द.

"सही केली की माझं नाव त्यांच्या पुढ्यात," काजवाली म्हणाली. "बाळंतपणाची रजा मागायला त्यांच्याच दारात जायचंय, मावशी."

"मग नको करूस. तुला कुणी काही म्हणणार नाही."

"तेच तर वाईट आहे ना!"

मावशी हसली. "बरं, ऐका गं सगळ्या. सही त्यांच्या कागदावर करायची, आणि खाली लिहायचं, हा कायदा आम्हाला मान्य नाही. बाहेर आलं की बटण आपल्या डब्यात. उद्या त्यांनी कागद दाबले, तरी आपला आकडा आपल्याला ठाऊक हवा."

सह्यांच्या दिवशी सकाळी मावशीनं मला उघडलं. आत नुसती काळी बटणं!

"पांढरी कुठायत गं?"

काजवालीनं कपाळावर हात मारला. "मावशी... काल घाईचा माल होता. माझा ट्रे संपला, सुपरवायझर डोक्यावर उभा. हात सवयीनं डब्यात गेला. मी ती शर्टांना लावली."

मग कटिंगवाली फिस्सकन हसली. "घ्या! आता गिऱ्हाइकं आपलं मत अंगात घालून मिरवणार!"

सगळ्या हसल्या, पण काजवालीचे डोळे भरून आले.

मावशीनं काळी बटणं पिशवीत ओतून मला रिकामं केलं आणि ती पहिली आत गेली. सही करून आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिनं एप्रनचं गळ्याजवळचं पांढरं बटण धरून हिसडा दिला. टक्! ते माझ्यात पडलं.

मग रांगच लागली. टक्. टक्. टक्. मित्रांनो, मी पाऊसही ऐकला आहे आणि दोनशे मशीनही एकदम ऐकल्या आहेत, पण तसा आवाज पुन्हा नाही ऐकला. एरवी मतं लपून पडायची. त्या दिवशी प्रत्येक बाई उघड्या गळ्यानं मशीनवर जाऊन बसत होती. सुपरवायझर ते उघडे गळे मोजू लागला आणि मध्येच थांबला.

सगळ्यात शेवटी काजवाली. तिच्या एप्रनची पोटावरची बटणं केव्हाच लागेनाशी झाली होती. गळ्याजवळचं तेवढं लागायचं. तिनं तेही तोडलं.

दोनशे नऊ! तिघींनी टाकलं नाही, आणि त्यांना कुणी का म्हणून विचारलंही नाही.

संप करावाच लागला नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराचं कुलूप निघालं. युनियनची पाटी जागेवर राहिली, काजवालीला रजाही मिळाली. कायदा मात्र अजून आहे. त्याच्याविरुद्धचे अर्ज अजून जातात, आणि तिची सही त्यांवर असते. मावशी निवृत्त होताना मला तिच्याकडे सोपवून गेली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असा माझा हट्ट नाही. पण तुमच्या घरात असा झाकणाला चीर असलेला डबा सापडला, तर त्यात गंजके खिळे भरू नका. ती चीर कशाला पाडली होती, ते घरातल्या मोठ्यांना आधी विचारा.

पिटुकलीनं आता मला फरशीवर पालथं केलं आहे. आई जागी होऊन शेजारी येऊन बसली आहे. दोनशे नऊ बटणं, सगळी पांढरी, सगळी चार भोकांची. काहींना अजून दोरा लोंबतो आहे. आईनं एक उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"आई," पिटुकलीनं विचारलं, "यातलं तुझं कुठलं?"