उजवी बाही

"मावशी, शर्ट एवढा आवडला? घालूनच घरी जाताय की काय?" शर्टांना काजं करणारी काजवाली म्हणाली आणि सगळ्या कारखान्यात हशा पिकला.

मावशी हसल्या नाहीत. त्यांचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत नव्या बाहीत शिरला होता, आणि आता तो ना पुढे जात होता ना मागे येत होता.

गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात बाह्या जोडायचं काम मावशींचं. बाही जोडून झाली की तिच्यात हात घालायचा, खांद्याच्या शिवणीवरून आतून तळवा फिरवायचा आणि कुठे चुणी पडलीय का ते चाचपायचं, ही तिथली रीत. पण छातीतली गाठ काढताना डॉक्टरांनी काखेतल्या गाठीही काढल्या, आणि तेव्हापासून मावशींचा हा हात सुजायला लागला. सकाळी जरा बरा असायचा, दुपार कलली की फुगायचा. "हा बरा व्हायचा नाही, सांभाळायचा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवसभर पट्टी बांधून ठेवायची, हाताला ताण द्यायचा नाही. हात सांभाळायचा हे ठीक, पण पोट कोणी सांभाळायचं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

मग मावशींनी आपल्या कपड्यांची उजवी बाही ढगळ शिवली आणि शिवण तपासायला डावा हात घालायची सवय लावून घेतली. कोणाला पत्ता लागला नाही. आज मात्र मालकीणबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. "हल्ली काम फार मंदावलंय हो तुमचं," एवढंच म्हणाल्या, आणि घाबरगुंडीत जन्माच्या सवयीचा हात पुढे गेला.

"कात्री आणा," मालकीणबाई म्हणाल्या.

"कापड कापू नका," मावशी घाईने म्हणाल्या. "शिवण उसवा."

कापड बेतणारे मास्तर शेजारी बसले आणि एकेक टाका उसवायला लागले. बराच वेळ लागला. "तुमची शिवण पडली ना मावशी," ते पुटपुटले, "सुटता सुटत नाही."

बाही निघाली आणि हात सगळ्यांसमोर उघडा पडला. लाल, ताणलेल्या कातडीवर शिवणीचे वळ उठले होते. काजवालीने मान खाली घातली.

"आधी सांगायचं नाही का मावशी?" मालकीणबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

मालकीणबाई तशा वाईट नव्हत्या. खोटं बोलवेना म्हणून उसवलेल्या बाहीची घडी घालत राहिल्या. सुट्टीच्या वेळी मास्तर खाली बघत निरोप सांगून गेले. उद्यापासून बाह्यांच्या मशीनवर काजवाली बसेल, मावशींनी सतरंजीवर बसून सुटे धागे कापायचे. धागे कापणारीला काम असेल तेव्हा बोलावणं, नसेल तेव्हा घर.

मावशी घरी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या यजमानांचा जन्म गोदामात पार्सलं बांधण्यात गेला होता. आता नजर अधू झाली होती, पण बायकोची पट्टी रोज सकाळी तेच बांधायचे. शेवटचं टोक कोपराखाली आत खोचून टाकायचे. "पिनबिन काही नको. माझं पार्सल कधी वाटेत सुटलं नाही," असं वर ऐकवायचे. मावशी मान डोलवायच्या आणि कारखान्यात पोचल्या की न्हाणीघरात जाऊन पट्टी सोडून ठेवायच्या. पट्टी असली की कोपर वळत नसे, शिवाय चार डोळ्यांना दिसणार. घरी निघताना एका हाताने ती जमेल तशी गुंडाळायच्या आणि वर पिन टोचायच्या. अशाने सूज वाढते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायचं काही कारण उरलं नाही. मावशी सतरंजीवर बसून डाव्या हाताने धागे कापत राहिल्या. मध्येच काजवाली शर्ट घेऊन आली.

"जरा हात घालून बघा ना मावशी. मला मेलीला काही कळत नाही."

मावशींनी डावा हात बाहीत घातला.

"खांद्यात चुणी आहे. उसव."

काजवाली शर्ट घेऊन गेली. त्या मशीनचा आवाज मावशींना दिवसभर ऐकू येत होता.

संध्याकाळी यजमानांनी पट्टी सोडायला नेहमीसारखा त्यांचा हात मांडीवर घेतला आणि पिन चाचपायला बोट फिरवलं. रोज फिरवायचे. इतक्या दिवसांत त्या पिनेबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. आज त्यांचं बोट कोपराशी जाऊन थांबलं. टोक त्यांनीच सकाळी खोचलं होतं तसंच होतं.

"पिन नाही?"

"नाही लागली आज."

त्यांनी ते टोक पुन्हा एकदा बोटाने चाचपलं.

"मशीन गेलं?"

मावशींनी हुंकार भरला, आणि मग कालपासून दाबून ठेवलेलं रडू त्यांना आवरेना. यजमानांनी ते टोक सोडवलं नाही. बांधलेला हात तसाच मांडीवर धरून ते बसून राहिले.