फाडलेल्या तारखांची वही

मित्रांनो, माझ्यासारखी वही तुम्हाला कोणत्याही दुकानात मिळणार नाही. मी जुनी आहे, बोटभर जाड आहे, आणि माझे प्रत्येक पान एके काळी भिंतीवर लटकत होते. दूर पूर्वेकडच्या सा देक गावी, कालव्याकाठच्या एका घरात रोज सकाळी दिनदर्शिकेचे एक पान फाडले जाई. पुढच्या बाजूला ठळक तारीख आणि तिच्याखाली चांद्र तिथी. मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर थोआ रोज एक इंग्रजी शब्द लिही आणि पाने साठली, की जाळे विणण्याच्या दोऱ्याने ती मला शिवून घेई. माझा जन्म असा दिवसादिवसाने झाला.

थोआ आरोग्य केंद्रात परिचारिका होती. अकरा वर्षे काम करूनही ती कायम झाली नव्हती. त्यासाठी इंग्रजीची मधल्या पायरीची परीक्षा आवश्यक होती, आणि त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली, तर तिच्या जागी दुसरी कोणी येणार होती.

पहिल्या पायरीचे शब्द तिला येत: भात, पाणी, ताप, घर. मधल्या पायरीच्या शब्दांना मात्र बोट लावून दाखवता येत नाही: जबाबदारी, संधी, निराश. शिवाय तिच्या भाषेतला शब्द एका हुंकारात संपतो. इंग्रजी शब्दाला पाच-पाच, सहा-सहा तुकडे, आणि शेवटचा आवाज तिच्या जिभेवरून हमखास गळून पडे. म्हणून जेवताना ती वाडग्याच्या काठावर जेवायची काडी आपटून तुकडे मोजी. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. सहा टोले.

"वाडगं वाजवू नकोस गं!" सासू ओरडे. "भुकेली भुतं गोळा होतील दारात."

"येऊ द्या, आई. त्यांनाही शिकवीन."

"आधी स्वतः पास हो. मग भुतांची शाळा काढ."

या सासूबाईंना सारी आळी साउआजी म्हणे. थोआचा नवरा तांदळाच्या बोटीवर कामाला होता आणि महिन्यातून दोनदा घरी येई, त्यामुळे एरवी घरात या दोघीच. साउआजींना अक्षरे वाचता येत नव्हती, आकडे तेवढे येत. भिंतीवरचा आकडा पाहूनच त्या उपवास धरत, देव्हाऱ्यावर फळे ठेवत आणि गेलेल्यांच्या तिथ्या पाळत. थोआला तारीख मोबाइलवर दिसे. भिंतीवरच्या तारखेने जगणारे त्या घरात एकच माणूस होते, ही गोष्ट तिच्या ध्यानात राहिली नाही.

परीक्षा दोन महिने अलीकडे आल्याचे पत्र आले आणि तिचा धीर सुटला. दिवसाला एक शब्द पुरेना. एका पहाटे कामावर जाण्याच्या घाईत तिने एका झटक्यात चार पाने ओढली. एक सरलेल्या दिवसाचे आणि तीन पुढची. ती चारही पाने तिने घाईतच मला शिवली. मला मात्र आनंद झाला होता. आपण जाड होतो आहोत, एवढेच मला कळत होते.

त्या आठवड्यात सासऱ्यांची तिथी होती. थोआने शुक्रवारची सुटी मागून ठेवली होती. पण मंगळवारीच भिंतीने साउआजींना सांगितले, की आज तिथी आहे.

त्यांनी नारळाच्या पाण्यात अंडी आणि मांस शिजवले, कारल्याचे सूप केले, उदबत्त्या लावल्या आणि नवे कपडे घालून त्या उंबऱ्यावर बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. भातावरची वाफ गेली. नातेवाइकांपैकी कोणीही आले नाही. शेवटी त्यांनी लेकीला, दाओला, फोन लावला.

"सहा वर्षं नाही झाली बाप जाऊन, आणि विसरलात सगळे?"

"आई, आज मंगळवार! तिथी शुक्रवारी आहे. कुणी सांगितलं तुला?"

साउआजींनी फोन खाली ठेवला. भिंतीवरच्या आकड्याकडे एकदा पाहिले आणि ताटावर जाळी झाकली.

संध्याकाळी थोआ घरी आली. तिने जाळीखाली झाकलेले ताट पाहिले, दिनदर्शिका पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिले.

"मी फाडली, आई. मीच. बाबांच्या तिथीचा असा घोळ झाला." तिने मला उचलले आणि चुलीकडे नेले. "नको मला ती नोकरी."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जाडीची लाज वाटली. पण साउआजींनी माझा दोरा धरला.

"चूल कशाला पेटवतेस? जेवण तयारच आहे. आणि म्हाताऱ्याचं काय सांगतेस? जन्मभर जेवायला उशिरा आला. एकदा तीन दिवस आधी जेवला, तर बिघडलं काय? शुक्रवारी पुन्हा जेवेल."

थोआ हसता हसता रडू लागली. साउआजींनी तिच्यापुढे वाडगे सरकवले.

"पण शुक्रवारपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. मग पान मी फाडणार. आणि आधीचा शब्द मला समजला, तरच नवं पान मिळेल. मला फसवू नकोस. मी अडाणी आहे, बहिरी नाही."

त्या दिवसापासून माझे दिवस बदलले. पूर्वी थोआ शब्दकोशातला अर्थ उतरवून काढी आणि विसरून जाई. आता तिला तो अर्थ समोरच्या माणसाच्या आयुष्यात शोधावा लागे. 'निराश' हा शब्द आला, तेव्हा तिने पान खाली ठेवले.

"आई, त्या मंगळवारी तुम्ही ताट मांडून उंबऱ्यावर बसला होता ना? तेव्हा जे वाटलं, ते."

"मग हा लक्षात ठेवायला मला कागद नको," साउआजी म्हणाल्या, आणि त्यांनी नवे पान तिच्या हातात दिले.

परीक्षेसाठी मी थोआबरोबर कान थो शहरात गेले. मला पिशवीत, दाराबाहेरच राहावे लागले. आत ती काय बोलली, ते मला ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन गुणांनी का होईना, ती उत्तीर्ण झाली होती. साउआजींनी कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, "अगं ऐकलंस का? आम्ही पास झालो!"

माझे खूप कौतुक झाले. मग मला फळीवर ठेवण्यात आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साउआजी पान घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा थोआ चप्पल घालत म्हणाली, "आता नको, आई. सुटलो आपण." त्यांनी मान हलवली आणि पान मासळीच्या सॉसच्या बाटलीखाली ठेवून दिले. त्यानंतरच्या सकाळीही तसेच झाले. कोणी मागत नव्हते, तरी पान रोज फाडले जात होते.

दहाव्या सकाळी थोआने बाटली उचलली. तिच्याखाली नीट एकावर एक रचलेली नऊ कोरी पाने होती, आणि दहावे साउआजींच्या हातात. थोआने खांद्यावरची पिशवी काढली, मला फळीवरून खाली घेतले, धूळ पुसली आणि ती खाली बसली.

"कोणता शब्द लिहू, आई?"

"तूच बघ. फार लांबडा नको. दात चारच उरलेत."

मित्रांनो, मला कसरीपासून जपा, एवढेच मागणे असते, तर ते मी दुसऱ्या एखाद्या वहीवर सोपवले असते. कागद आज ना उद्या विरणारच. पण तुमचा धडा ऐकायला घरातले कोणी रोज तुमच्याजवळ बसत असेल, तर परीक्षा संपली म्हणून त्याला एकट्याने उठून जाऊ देऊ नका.