पाठीवरचा वारा

दारातून आधी त्याचं पोट आत यायचं आणि मागून तो, तरी त्याचं नाव बारक्या. धाकटा भाऊ एकदा बारक्या ठरला की पेन्शन सुरू झाली तरी बारक्याच राहतो, निदान थोरल्या बहिणीपुढे तरी. बाहेर त्याला साहेब म्हणणारे लोक होते. पण ताईच्या घरी चप्पल काढली की साहेबपणा चपलेबरोबरच बाहेर राहायचा.

बारक्याची सगळी नोकरी बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात गेली. रिकामी परत येणारी बस बघितली की त्याचा जीव हळहळायचा. उगाच डिझेल जाळायचं, उगाच ड्रायव्हर दमवायचा! म्हणून ताईला वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका शहरात फिरायला न्यायचं ठरलं, तेव्हा त्याने सहलसुद्धा बसच्या फेरीसारखी आखली.

शहर समुद्रकाठी लांबच लांब पसरलेलं. बघण्यासारखं सगळं एकाच रस्त्याच्या कडेला होतं. वरच्या टोकाला दीपगृह, मग जुना बुरूज, मग खडकांवरची बाग आणि शेवटी बंदराचा धक्का. चार शहाणी माणसं एकच हॉटेल घेतात, दिवसभर हिंडतात आणि संध्याकाळी परत येतात. बारक्याला हेच मान्य नव्हतं.

"परत यायचंच कशाला?" ताईच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून तो म्हणाला. "जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तोंडावर येणार. म्हणून रोज नवं हॉटेल, आदल्या दिवशीच्या पुढचं. सामान टॅक्सीने पुढे जाईल, आपण मागून चालत. वारा आपल्याला फुकट ढकलत नेईल, ताई!"

"मी काय हातगाडी आहे?" ताई म्हणाली आणि नकाशावरचा आपला चहाचा कप उचलून घेतला.

ताई एका मोठ्या वाचनालयात ग्रंथपाल होती. निवृत्त होऊनही तिथला दरारा गेलेला नव्हता. ती खोलीत आली की माणसं आपोआप हळू बोलायला लागायची, तिचा भाऊ सोडून.

या सहलीमागे बारक्याच्या मनात वेगळंच काही होतं. बायको गेल्यापासून तो एकटा राहत होता. ताईने लग्न केलं नव्हतं, तीही एकटीच. तिने आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो केव्हाचा तिच्या मागे लागला होता. तुझे गुडघे दुखतात, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तुझा तिसरा मजला, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे तुला, हे सगळं सांगून झालं होतं. ताईचं उत्तर ठरलेलं असायचं, "अजून इतकी वाईट वेळ आली नाही माझ्यावर." त्याने मनाशी हिशेब केला, चार दिवस तिला फुलासारखं जपून दाखवू, माझ्याबरोबर राहणं किती सुखाचं आहे ते तिला आपोआप कळेल. आणि या खेपेलाही ती नाही म्हणाली, तर पुन्हा विचारायचं तोंड उरणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

वाऱ्याची चौकशी त्याने फार चोख केली. डेपोतल्या माणसाला पहिल्या बसच्या वेळेला जाग येते, ती जन्मभर सुटत नाही. रोज उजाडायच्या आत उठून तो तिथल्या एका हॉटेलला फोन लावायचा आणि विचारायचा, "वारा कुठून येतोय?" झोपाळलेला आवाज रोज सांगायचा, "वरून. दीपगृहाकडून." रोज तेच उत्तर आलं, तेव्हा त्याची खात्री पटली. पहिलं हॉटेल दीपगृहाजवळ घेतलं, शेवटचं बंदरावर.

पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, अजून झुंजूमुंजू व्हायचं होतं तेव्हाच, बूट घालून तो तिच्या दारात उभा.

"ताई, निघायचं ना?"

"कुठे?" आतून आवाज आला.

"दीपगृह बघायला!"

"ते पळून जातंय का?"

ताई उठली ती आपल्या वेळेला. तिने सावकाश आंघोळ केली, खाली जाऊन दोन कप चहा घेतला, टोस्टला लोणी अगदी कडेपर्यंत लावलं आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं. बारक्या समोर बसून खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघत होता. झाडं मघाशी बंदराकडे वाकलेली होती. आता ती सरळ उभी होती. काहीतरी चुकतंय असं त्याला जरा वाटलं, पण तेवढ्यात टॅक्सीवाला आला आणि सामान घेऊन पुढच्या हॉटेलकडे गेला. इकडच्या खोल्या सोडून झाल्या. आता मागे फिरायची सोय उरली नाही.

दीपगृह बघून बाहेर आले आणि रस्त्याला लागले, तोच समोरून वारा आला. असा तसा नाही. बारक्याची टोपी डोक्यावरून उठली आणि ज्या दीपगृहाचं तिकीट काढून ते नुकतेच उतरले होते, त्याच्या आवारात परत गेली. विनातिकीट.

"वारा पाठीवर असणार होता ना रे?" ताईने विचारलं.

बारक्याने तिकीटवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "रोज असंच असतं, काका. पहाटे वरून वाहतो, ऊन चढलं की खालून. दिवस मावळेपर्यंत खालूनच."

इतके फोन केले, सगळे पहाटेचे! ताई किती वाजता उठते हे तेवढं विचारायचं राहिलं होतं.

पुढे जे झालं त्याला चालणं म्हणवत नाही. ताईच्या साडीचा पदर झेंड्यासारखा फडफडत होता. बारक्याच्या शर्टात वारा शिरून त्याचं मूळचं पोट दुप्पट झालं होतं. तो तिला आडोसा द्यायला पुढे झाला, तर वारा दोन्ही बाजूंनी वळून तिच्याच तोंडावर येऊ लागला. बुरुजावर पोहोचले, तर वरती जायचा जिना वाऱ्यामुळे बंद. शेवटी एका बंद दुकानाच्या आडोशाला बाक दिसला. त्यावर दोघं धापा टाकत बसले.

बारक्याने मान खाली घातली. "चुकलंच माझं. तुझ्या गुडघ्यांना त्रास झाला असेल. म्हणून तर मी म्हणतो, तुला आता कोणाचीतरी सोबत..."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. धाप तुला लागलीय."

खरंच त्यालाच लागली होती. समोर समुद्र पांढरा झाला होता. काहीतरी शहाणपणाचं बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच.

"मलाच सोबत हवीय, ताई. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. मी टीव्हीशी बोलतो. परवा त्याच्याशी भांडलोसुद्धा."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आडोशाला तर वारा अजिबात नव्हता.

"मग हे आधी नाही सांगायचं? आणि मी आपली समजतेय, याला मी म्हातारी दिसायला लागले. मला सांभाळायला नेतोय, म्हणून येत नव्हते."

"तुझी खोली रंगवून ठेवलीय," तो घाईघाईने म्हणाला. "कपाट आणलंय. टेम्पोवाल्याशीही बोललोय, आधी पुस्तकं, मग भांडी, मग..."

"बारक्या."

"काय?"

"मला काही विचारशील का?"

बारक्या थांबला. नकाशा नाही, वेळापत्रक नाही, उत्तर काय येणार याचा पत्ता नाही. असा प्रश्न त्याने जन्मात कोणाला विचारला नव्हता. त्याचा आवाज अगदी लहान झाला.

"ताई, कधी येशील?"

"इथूनच," ताई म्हणाली. "इथून सरळ तुझ्याकडे जाऊ. तिकडे माझी तरी कोण वाट बघतंय?"