न संपलेला ठोकळा

प्रयोगशाळेत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे मेणबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. आजारी यकृतातून सुईनं काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. तुकडा तरी केवढा? शिवणाच्या दोऱ्याचं पेरभर टोक. पण आत किती व्रण पडलेत, औषध लागू पडलं की नुसतंच पोटात गेलं, हे त्या दोऱ्याकडूनच कळायचं.

तिच्या खणात पात्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यावर लाल रंगात, झोकदार वळणानं लिहिलेलं होतं, ‘हात लावू नका, चावतो.’ तिच्या नवऱ्याचं अक्षर. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि उरलेला रंग घरात दिसेल त्या वस्तूवर खर्च करायचा. डब्याला कुणी हात लावत नसे. त्यामुळे आत पाती नाहीत, मेणाचा एकच ठोकळा आहे, हेही कुणाला कळलं नव्हतं. क्रमांक एकशे सत्तावीस. म्हणजे तिचा नवराच.

आयुष्यात कधी दारूच्या पेल्याला शिवला नाही, आणि नेमकं यकृतच खराब झालं. शेजारचे अंगठा तोंडाकडे नेऊन एकमेकांना खुणा करायचे. तो म्हणायचा, “प्यायलो तरी असतो गं, बदनामी तरी वसूल झाली असती.” तेव्हा इथंच एका नव्या गोळीची चाचणी निघाली होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नसायचं. सुरुवातीला एकदा सुई, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. त्या दुसऱ्या सुईनंतर महिन्याभरात अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली आणि तासाभरात तो गेला. त्याला अकरा वर्षं झाली.

तुकड्यांवर नावं नसत, नुसते क्रमांक. पण सकाळी आपल्या माणसाला सुई टोचली आणि दुपारी टेबलावर एकच नवा तुकडा आला, तर तो कुणाचा हे कळायला काय डोकं लागतं?

चाचणीत फार काही हाती लागलं नाही. बहुतेकांपुढे ‘फरक नाही’ असं लिहिलं गेलं आणि गोळी फडताळात गेली. ठोकळे मात्र राहिले. कुणी ना कुणी नवा डॉक्टर यायचा, काप मागायचा, आणि ठोकळा झिजत जायचा. नवऱ्याचा पहिला ठोकळा असाच संपला. त्याची फक्त एक रंगवलेली काच उरली. दुसरा नखाएवढा राहिला तेव्हा तिनं नोंदवहीत त्याच्यापुढे ‘संपला’ असं लिहिलं आणि तो डब्यात ठेवला. बावीस वर्षांत केलेली एवढी एकच लबाडी. कधीमधी डबा उघडून ती ठोकळा तळहातावर घ्यायची. हाताच्या उबेनं मेण मऊ होईलसं वाटलं की लगेच ठेवून द्यायची. इतकं जपून तर तिनं त्याला जिवंतपणीही धरलं नव्हतं.

आणि मग छोट्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं तिच्या भाचीएवढ्या, बोलायला तुरतुरीत. त्यांचं म्हणणं असं, की तेव्हा सगळ्यांनी व्रण आहेत की नाहीत एवढंच पाहिलं. ते जाडजूड आहेत की विरायला लागलेत, हे कुणी बघितलंच नाही. म्हणून सगळ्या जुन्या जोड्या पुन्हा बघायच्या, आधीची काच आणि नंतरची.

दुपारी चहा घेताना त्या वही उघडून बसल्या. “ताई, सगळ्या जोड्या लागल्या. एक सोडून. एकशे सत्तावीसचा दुसरा ठोकळा संपलाय.”

“हं,” ती म्हणाली.

“जाऊ दे. त्या माणसाला वगळते.”

तिच्या हातातला कप बशीवर खडकन आपटला. वगळते! आपण त्याला लपवलं ते राखायला, आणि ही पोरगी पेनाच्या एका फटक्यात त्याला बाहेर काढतेय. बरं, तिचं तरी काय चुकलं? बाहेर तर आपणच काढून ठेवलाय.

“संपला नाही तो,” ती म्हणाली. “मी खोटं लिहिलंय.”

मग डबा आला, ठोकळा आला आणि मागोमाग सगळी हकीकतही आली. तोवर चहावर साय धरली.

“मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागेल, ताई.”

“मीच सांगते. पोटात ठेवून ठेवून कंटाळा आलाय.”

“आणि हा कापायला आपण दुसऱ्या कुणालातरी...”

“अजिबात नाही!” ती ताडकन म्हणाली. “अहो, ठोकळा यंत्रावर नव्यानं चढवला की पात्याला सरळ येईपर्यंत वरचा थर वायाच जातो. एवढाच उरलाय. दुसऱ्याच्या हातात दिलात, तर सरळ होईस्तोवर माणूस संपेल.”

मोठे डॉक्टर रागावले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, “काप तुम्हीच काढा. पण काच बघून मत द्यायचं नाही.” वहीतला ‘संपला’ तिनं नियमाप्रमाणे एका रेघेनं खोडला, खालचं वाचता येईल असा, आणि बाजूला सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठोकळा बर्फावर ठेवला, यंत्रावर चढवला, डोळा बारीक करून केसभर इकडे, केसभर तिकडे केला. वर हलकीशी फुंकर मारली. चाक फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात अख्खा दोरा पात्यावर उतरला. डॉक्टरीणबाईंनी दोन काप मागितले होते, तिनं सात काढले. कोमट पाण्यावर ते एकामागोमाग तरंगत राहिले. आठव्या वेळी नुसतं मेण आलं.

मग कुंचल्यानं काप काचेवर घेतले.

मत द्यायचं नव्हतं. पण रंग नीट बसलाय का, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं तिचंच काम होतं. व्रण लाल दिसतात, बाकीचं पिवळं. आधीची काच तिला पाठ होती, दोरखंडासारखे लाल पट्टे, मधे कोंडलेली पिवळी बेटं. आता तिनं नवी काच लावली. दोरखंड नव्हते. होते ते बारीक, उसवलेले धागे, मधेच तुटलेले, आणि तुटल्या जागेतून पिवळ्या पेशी वाट काढत पुढे आलेल्या. बावीस वर्षांच्या डोळ्यांना वाचायला आणखी काय लागणार? यकृत सावरायला लागलं होतं. फक्त त्या फुगलेल्या शिरेनं दम धरला नाही.

खरी गोळी होती की पोकळ, ते डॉक्टरीणबाई सगळ्या काचा वाचून झाल्यावर गोळ्यांची जुनी यादी उघडतील तेव्हा कळेल. तिला त्याची घाई नव्हती.

काचा घ्यायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा ती वहीत नवी ओळ लिहीत होती, ‘संपला’, आणि आजची तारीख. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या.

“मी विचारू नये खरं तर. पण शेवटी शेवटी ते काही म्हणायचे का? बरं वाटतंय वगैरे?”

“भूक लागते म्हणायचा.” तिनं पेनाला टोपण लावलं. “अळणी जेवण, तरी ताट पुढे करायचा. वाढ की गं अजून, म्हणायचा. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून करतोय. नाटकीच होता ना मेला.”

“मग?”

“मग काय. नाटकं पुरे, म्हणायचे मी,” ती म्हणाली, “आणि भांडं उचलून आत न्यायचे.”