चोवीसातली सहा

चोवीस फडकी मी दोन दिवसांत शिवली आणि लेकीकडे पाठवली सहा. कंजूष म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. माझं कारण मला ठाऊक होतं.

स्नेहलचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे, मोहोपाड्यात व्हायचं ठरलं होतं. मी खाट लावून ठेवली, डिंक आणला, अळीव आणले. ऐन वेळी जावई म्हणाले, डॉक्टर नेरळला आहेत, तर इथेच बरं. झालं! पहिलटकरीण सासरी बाळंत झाली आणि मी नामकरणाला पाहुण्यासारखी जाऊन, जेवून परत आले. तेव्हापासून फुगून बसले होते. बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असं आमच्या ह्यांना सांगून टाकलं. बोलावणं काही येईना. नातीला मांडीवर घ्यायला जीव नुसता तुटत होता.

मग स्नेहलचा फोन आला. दुकानातल्या ओल्या वाइप्सनी नातीच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या. "आई, जुन्या सुती साडीची फडकी करून दे गं. पुसायची, धुवायची, परत वापरायची."

मी लगेच ट्रंक उघडली. घरातली सगळ्यात मऊ साडी म्हणजे माझी पांढरी, निळ्या काठाची. वीस वर्षं विहारात वंदनेला मी तीच नेसायचे. पण स्नेहलच्या लग्नापासून ती सापडत नव्हती. ह्यांनी ती स्कूटर पुसायला घेतली, हा माझा आरोप तीन वर्षांचा जुना. ते बिचारे कबूलही करत नव्हते आणि भांडतही नव्हते. त्या दिवशीही मी एकदा ऐकवून घेतलं. मग दुसऱ्या दोन साड्या काढल्या. कात्री लावली नाही, हातानेच फाडल्या. फाडलेलं कापड सुताला सूत सरळ येतं. वीतभर दुहेरी चौकोन केले, कडेला बारीक टीप मारली, उकळून कडक उन्हात वाळवले.

जावई न्यायला आले तेव्हा सहाच हातात ठेवली. "बाकीची व्हायची हायेत, सुमितराव. स्नेहलला म्हणावं, बाळाला घेऊन ये, तोवर होतील." अठरा कपाटात घड्या घालून तयार होती. सहा फडकी तान्ह्या बाळाला दुपारपर्यंतही पुरत नाहीत, हे मला कळत नव्हतं थोडंच! म्हणून तर सहा दिली. येईल झकत, म्हटलं.

आठवडा गेला. ती आली नाही, तिने पाठवलेला फोटो आला. गॅलरीतल्या दोरीवर माझी सहा फडकी आणि शेजारी आणखी डझनभर, नुसती फाडलेली, कड न शिवलेली. मी फोटो मोठा करून पाहिला. निळा काठ होता. काठाजवळ मीच केलेला रफू होता.

मी फोन लावला. "ती साडी तुझ्याकडं कशी गं?"

"लग्नाच्या दिवशी गुपचूप बॅगेत घातली व्हती."

"नेसायला?"

"नाय गं. धुतलीच नव्हती मी ती. उशाला घेऊन झोपायचे. तुझा वास यायचा. सहा पुरेनात, आई. बाळ रडत व्हतं. फाडली, उकळली. आता नाय येत वास."

"मला बोलवायचं ना, बाय."

"तू फुगलेलीस. वाटलं, बोलावलं तरी यायची नायस."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. डोळे पुसतच कपाटातली अठरा फडकी पिशवीत कोंबली. "अहो, गाडी काढा. नेरळला जायचंय."

"आलं का बोलावणं?"

"नाय आलं. आणि ती साडी तुमी घेतली नव्हती."

हे किल्ली घेत म्हणाले, "निदान साडी तरी बदल. सकाळपासनं हीच हाय अंगावर. फोडणीचा वास येतोय."

"येऊ दे," मी दुसरी साडी पिशवीत टाकत म्हटलं. "तिथं गेल्यावर बदलीन. ही न धुता तिच्याकडं ठेवून येणार हाय."