चार लाख डोळे

आपा बायकांचे कपडे शिवायची. तिच्या दुआ ऐकून अंगावर काटा यायचा, म्हणून नणंदेने एकदा त्या दुआंचा व्हिडिओ टाकला. वर्षभरात चार लाख लोक आपाला ऐकू लागले.

एका दुपारी एक अनोळखी बाई आजारी मुलीला घेऊन दुकानात आली. तिने मोबाइल पुढे केला. त्यात तिच्या घरातली भिंत दिसत होती आणि भिंतीवर आपाचा फोटो, चौकटीत.

"परवा हिला झटका आला, आपा. माझ्या तोंडातून आधी तुमचंच नाव निघालं."

आपाच्या हातातली कात्री थांबली. "अहो, हाक अल्लाहला मारायची. आजच्या आज काढा तो फोटो."

बाईचा चेहराच उतरला. "तुम्ही रागावलात? माझ्या पोरीला काही होणार नाही ना?"

ती गेली, पण आपाचं कामात लक्ष लागेना. बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. शेवटी तिने नणंदेला बोलावलं आणि कॅमेऱ्यासमोर बसली. 'मी कुणीच नाही, मागायचं ते त्याच्याकडेच मागा,' असं सांगताना तिला रडू कोसळलं.

"छान झालं," नणंद म्हणाली, "पण चेहऱ्यावर अंधार आलाय. परत घेऊ या?"

आपाने ओढणी सारखी केली आणि पुन्हा रडली. पहिल्यापेक्षा चांगली रडली.

नणंदेने तो व्हिडिओ लगेच टाकला. उन्हं कलल्यावर आपा असरच्या नमाजला उभी राहिली, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कपाळ जमिनीला टेकलेलं आणि मनात एकच: किती जणांनी पाहिलं असेल? ती हादरली. दिखाव्याची इबादत म्हणजे अल्लाहच्या जागी लोकांना बसवणं, हे तिनेच कितीदा सांगितलं होतं. त्या बाईने एक फोटो लावला होता. आपण तर चार लाख लोक समोर बसवलेत.

नमाज संपताच ती म्हणाली, "बंद कर ते सगळं. आत्ताच."

"वेड लागलंय का? लोक चांगलं ऐकतात, त्यांचं काय?"

"त्यांचा रब आहे त्यांना. माझं काय, ते बघ."

नणंदेने खातं बंद केलं आणि दोन दिवस अबोला धरला. आपाचा हात मात्र शिवता शिवता फोनकडे जायचाच. स्वतःचीच चीड यायची.

शुक्रवारी ती पत्ता शोधत त्या बाईच्या घरी गेली. फोटो तसाच होता. आपाने स्वतः तो उतरवला. बाई धसकून बघत राहिली, मग पाणी आणायला आत गेली.

मुलगी अंथरुणावर उठून बसली. "आता भीती वाटली की कुणाला हाक मारू?"

आपा तिच्याजवळ बसली, तिचे हात हातात घेऊन हळू आवाजात दुआ शिकवू लागली. मुलगी अडखळत मागून म्हणत होती. दुआ रंगात आली, आणि बाई दारातून ऐकतेय का, हे बघायला आपाची मान वळलीच.

ती ओशाळली. डोळे मिटून तिने दुआ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.