भैरवीनंतरचा तंबोरा

बसा, पण भोपळ्याला पाय लावू नका. दिसतोय जुनाट, तरी मान आहे मला. मी महाडच्या संगीत मंडळाचा तंबोरा. होतो म्हणा! मंडळच बुडालं, आता मी कुणाचा?

मी मिरजेचा. १९७३ साली एसटीच्या मागच्या बाकावर आडवा पडून इकडे आलो. तेव्हा मंडळाला कोण हौस! मे महिन्यात दर रविवारी सकाळी सहाला सावित्री नदीच्या काठी, आंब्याखाली शास्त्रीय गाणं. पोलादपूरहून पहिल्या गाडीने माणसं यायची. ऊन अंगावर आलं की शेवटी भैरवी, आणि भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत.

मला सुरात लावणारा गावात एकच, कोर्टातला कारकून सोमा. गवयाच्या मागे बसून तोच मला छेडायचा. एरवी मी बुद्धवाड्यात त्याच्याच घरी असायचो, कारण बाकीच्यांच्या घरांत माझी अडचण व्हायची. त्याची लेक ललिता माझ्या सुरावर गायला शिकली. काय गळा हो पोरीचा! मी भलेभले बुवा ऐकलेत, उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही.

सोमाची इच्छा एकच. लेकीनं काठावर, सगळ्या गावासमोर गावं आणि आपण मागे तंबोऱ्यावर असावं. दर वर्षी तो मंडळाच्या अध्यक्षांकडे, मालोजीरावांकडे जायचा. ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की, सोमा." आणि गायला बसायचा कुणाचा तरी भाचा, गळ्यात बेडूक अडकल्यासारखा! जात कुणी तोंडावर काढत नव्हतं. पोरीचं नाव मात्र यादीतून बरोबर गळायचं. मला संताप यायचा, पण लाकडाच्या संतापाला कोण विचारतो?

इकडे सोमाला घाई होती. त्याचे कान जात चालले होते. मला लावताना तो माझ्या दांडीला गाल टेकवायचा आणि तारेची थरथर गालानं ओळखायचा. "लेकीला बोलू नको हां," असं मलाच बजावायचा.

१९८२ च्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारसाठी मालोजीराव एकदाचे हो म्हणाले. आधी पाहुणे बुवा गाणार, ते चहा घेईपर्यंत ललिता, आणि शेवटी बुवांची भैरवी. ललिता नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. मीही त्या सकाळी सुरेख लागलो होतो.

बुवांना त्याच दिवशी महाबळेश्वरला कार्यक्रम होता. पहिला राग आटोपला, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि न उठता सरळ भैरवीच धरली. ललितानं पदराचं टोक मुठीत आवळलं. आणि सोमा? तो खुशीत मान डोलावत मला छेडतच होता. त्याला कळलंच नाही हो!

टाळ्या झाल्या. बुवा एसटीकडे धावले, माणसं चपला शोधायला लागली. सोमा लेकीला म्हणाला, "चल गो, ये वर. आता तुजीच पाळी हाय."

"बाबा, भैरवी झाली."

"काय?"

"भैरवी झाली, बाबा!" ती ओरडली. सगळे वळून बघायला लागले.

सोमाची बोटं माझ्या तारांवर तशीच राहिली. मालोजीराव जवळ येऊन म्हणाले, "रीत कशी मोडायची, सोमा? पुढच्या वर्षी नक्की."

सोमानं मान हलवली. त्यातलं त्याला किती ऐकू आलं, देव जाणे.

पुढच्या वर्षी आंब्याखाली सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आला. गर्दी दुप्पट झाली. मंडळाची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही.

आता १९८७ चालू आहे. सोमाला आता ढोलही ऐकू येत नाही. तरी रोज सकाळी तो मला उभा धरतो, गाल टेकवून खुंट्या पिळतो. आताशा गालही चुकतो. मी इतका बेसूर वाजतो की माझी मलाच लाज वाटते. समोर ललिता बसते. सोमा तिच्या तोंडाकडे बघत "वा!" म्हणतो.

ती गात नाही. त्या रविवारपासून तिनं सूर लावलेला नाही. बापासाठी नुसते ओठ हलवते.

तुम्ही उठाल तेव्हा सोमा तुम्हाला विचारेल, "पोरीचा गला कसा वाटला?" तेवढी मान डोलवा. मला ते जमत नाही.